मिरजेहून औंधला

युजीन सँडोचे ‘स्ट्रेंग्थ अँड हाऊ टू ऑब्टेन इट’ हे पुस्तक १८९७ साली निघाले. त्याच वर्षी औंध संस्थानच्या एका राजपुत्राने सँडोची पुस्तके आणि व्यायामाची साधने मागवून घेतली. राजपुत्र तिशीच्या उंबरठ्यावर होता, डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेला होता, आणि त्याला चित्रकलेचा व कीर्तनाचा सारखाच नाद होता. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे त्याचे नाव. पुढची दहा वर्षे भवानरावांनी सँडोच्या बरहुकूम नेमाने व्यायाम केला. स्प्रिंगचे डंबेल्स, रबरी पट्ट्या, समोर आरसा आणि हाताशी पुस्तक असा तो एकट्याचा व्यायाम. जगभर हजारो माणसे आपापल्या खोलीत तेव्हा हेच करीत होती. सँडोचे स्वतःचे मासिक होते, आणि १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भरवलेल्या शरीरसौष्ठव स्पर्धेला आर्थर कॉनन डॉयल परीक्षक म्हणून बसला होता. छापील शब्दाच्या जोरावर व्यायाम पसरवण्याचा एवढा मोठा उद्योग त्याआधी क्वचितच कुणी केला असेल.

१९०८ मध्ये भवानरावांनी ही पद्धत बदलली. तिला कारण झाला एक मित्र. मिरजेचे संस्थानिक श्रीमंत बाळासाहेब यांनी त्यांना सूर्यनमस्कार घालण्याचा आग्रह केला. (भवानरावांनाही बाळासाहेबच म्हणत, त्यामुळे हा प्रसंग सांगताना दोन बाळासाहेबांची गल्लत ठरलेली.) सूर्यनमस्कार भवानरावांना नवे नव्हते. आपल्याकडच्या कुठल्याही वैदिक घरात तृचाकल्पाचे नमस्कार घालणारा एखादा काका किंवा मामा असेच. समर्थ रामदास टाकळीला रोज बाराशे नमस्कार घालीत, ही परंपरेने सांगितलेली गोष्टही लहानपणापासून कानावर पडलेली असे. म्हणजे माहिती होती, दाखला होता, पुण्याचे आश्वासनही होते. तरी चाळिशीला टेकलेल्या सुशिक्षित राजपुत्राला हे नमस्कार व्यायाम म्हणून घालावेसे वाटले, ते बरोबरीच्या, ओळखीच्या, स्वतः ते घालणाऱ्या माणसाने सांगितल्यावर.

सूर्यनमस्कारांचा इतिहास सांगताना आपण सहसा एकतर वेदांपाशी जातो नाहीतर राजाच्या पुस्तकापाशी. मधला हा मिरज ते औंध टप्पा एका वाक्यात उरकला जातो. मला मात्र सगळे इंगित तिथेच आहे असे वाटते.

पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, भवानराव गादीवर आले. औंध हे संस्थान ते केवढे? सुमारे ५०० चौरस मैलांचे, १९०१ च्या शिरगणतीत ६४ हजारांच्या आतबाहेर लोकवस्तीचे, आणि तेही सलग नाही. यमाईच्या डोंगराखालचे औंध, तिकडे आटपाडी, कुंडल, आणि थेट विजापूरकडचा गुणदाळचा तुकडा. एवढ्या विखुरलेल्या मुलखात राजाने शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९२०च्या दशकात त्यांनी या व्यायामावर पुस्तक लिहिले. त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. बीजमंत्र कसे म्हणावेत, श्वास कुठे घ्यावा, कुठे सोडावा, आहार काय असावा, सगळे तपशील त्यात आले. स्त्रियांनीही नमस्कार घालावेत असा त्यांचा आग्रह होता, आणि त्या काळाच्या मानाने तो धाडसी म्हटला पाहिजे.

इथे एक विसंगती आहे. ज्या माणसाला दहा वर्षांच्या पुस्तकी व्यायामापासून एका मित्राने वळवले, त्यानेच प्रजेला वळवण्यासाठी हुकूम आणि पुस्तक ही दोन साधने निवडली. राजाजवळ तीच असतात म्हणा. पण औंधात काही जमले असेल तर ते केवळ हुकमाने जमले नसावे, असे मानायला जागा आहे. राजा स्वतः रोज नमस्कार घालतो हे मुलांना ठाऊक होते. हाच राजा उभा राहून कीर्तन करायचा, स्वतः रामायणाची चित्रे काढायचा. इतक्या लहान संस्थानात राजा हा दूरचा माणूस नव्हता. आणि औंधची शाळा म्हणजे गरीब, हुशार मुलांचा आसरा होता. कोकणातून आलेले साने गुरुजी काही काळ तिथे शिकले, माणदेशातले ग. दि. माडगूळकर तिथलेच विद्यार्थी. बाहेरून आलेली मुले काही वर्षे एकत्र राहायची आणि मग चहूकडे पांगायची. सवय पसरायला याहून सोयीची रचना कुठली?

यातला ‘एकत्र राहायची’ हा भाग मला पुस्तकातून कळलेला नाही. माझे आजोबा औंधच्या शाळेत तीन वर्षे होते. ते सांगायचे, मास्तरांची नजर असेपर्यंत सगळा वर्ग वाकायचा, नजर वळली की निम्मा वर्ग गुडघ्यावर बसून राहायचा. शाळा सुटली तशी बहुतेकांची सवयही सुटली. आजोबांची टिकली, कारण त्यांच्या खोलीतला एक मुलगा सुट्टीच्या दिवशीही पहाटे उठायचा आणि यांच्या अंगावरचे पांघरूण ओढायचा. पुरावा म्हणून ही गोष्ट कच्ची आहे हे मला समजते. पण आजोबांनी ८१ व्या वर्षापर्यंत नमस्कार घातले, आणि त्यांना कुणी कारण विचारले तर ते राजाचे नाव घेत नसत, त्या मुलाचे घेत.

१९३६ मध्ये भवानराव इंग्लंडला गेले. ‘न्यूज क्रॉनिकल’ या लंडनच्या दैनिकाच्या लुईझ मॉर्गन या पत्रकार बाई त्यांना भेटल्या. त्यांनी पाहिला तो सदुसष्ट वर्षांचा, ताठ कण्याचा, उत्साहाने बोलणारा राजा. बाईंनी सूर्यनमस्कारांवर वर्तमानपत्रात लिहिले, आणि १९३८ साली त्यांच्याच संपादनाखाली जे. एम. डेंट या प्रकाशकाने ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे भवानरावांचे पुस्तक काढले. नमस्काराच्या दहा स्थितींवरून हे नाव. इंग्रज वाचकांसाठी पुस्तक होतेच आधी, औंधला छापलेले. पण लंडनमध्ये ते पोचले एका बाईने राजाला प्रत्यक्ष पाहिल्यानंतर. सँडोची गंमत इथे उलटी फिरलेली दिसते. १८९७ मध्ये लंडनचा व्यायाम पुस्तकाच्या रूपाने औंधला आला होता आणि दहा वर्षांनी सुटला. औंधचा व्यायाम लंडनला गेला तो माणसाबरोबर.

दक्षिणेकडची वाट वेगळी. बंगळूरचे के. व्ही. अय्यर हे पाश्चात्त्य पद्धतीने शरीर घडवणारे नामांकित व्यायामपटू. १९३७ साली त्यांनी सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. म्हणजे सँडोच्या वळणाच्या माणसालाच औंधचा व्यायाम आपला वाटला. म्हैसूरच्या राजवाड्यात त्याच दशकात तिरुमलै कृष्णमाचार्य योगशाळा चालवीत होते आणि राजवाड्यात सूर्यनमस्कारांचेही वर्ग होते. या शेजारामुळेच नमस्कार आसनांच्या अभ्यासात मिसळले असावेत, असे मार्क सिंगल्टन यांनी ‘योगा बॉडी’ (२०१०) या ग्रंथात सुचवले आहे. त्यावर वाद आहेत. तरीही कृष्णमाचार्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांची जी पद्धत पुढे अमेरिकेत गेली, तिची सुरुवात सूर्यनमस्कारांनी होते ही गोष्ट कुणीही वर्गात जाऊन पाहू शकतो. त्यांचे दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे मुत्सद्दी झाले. त्यांनी १९७० साली, लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त असतानाच्या काळात, सूर्यनमस्कारांवर इंग्रजी पुस्तक लिहिले.

मित्राच्या सांगण्यावरून सवय लागते, हे आता समाजशास्त्रज्ञ मोजू लागले आहेत. मोजण्यात एक अडचण मात्र जुनी आहे. मित्रामुळे माणूस व्यायाम करू लागतो, की व्यायामाची आवड असलेलेच एकमेकांचे मित्र होतात? मिरज आणि औंधच्या बाबतीतही ही शंका घेता येईल. सँडोची साधने मागवणारा माणूस मुळातच तयारीचा होता. सिनान अराल आणि क्रिस्टोस निकोलाइडिस यांनी २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधल्या निबंधात यावर मोठी नामी युक्ती काढली. एकमेकांशी जोडलेल्या सुमारे ११ लाख धावणाऱ्यांची पाच वर्षांची नोंद त्यांच्याजवळ होती. एका गावात पाऊस पडला की तिथला धावणारा घरी बसतो. त्या दिवशी दुसऱ्या, कोरड्या गावातला त्याचा मित्रही कमी धावतो का, हे त्यांनी पाहिले. धावत होता. मित्र एक किलोमीटर जास्त धावला तर त्याच दिवशी आपण सरासरी ०.३ किलोमीटर जास्त धावतो, असा हिशेब निघाला. इतिहासात असा पाऊस संशोधकाच्या सोयीने पडत नाही, त्यामुळे १९०८ पुरते आपल्याला भवानरावांच्या शब्दावरच भागवावे लागते.

त्याच निबंधातले दोन निष्कर्ष मला जास्त विचार करायला लावतात. कमी धावणारा जास्त धावणाऱ्याला पळवतो, उलटे घडत नाही. मागून कुणी आपल्याला गाठतो आहे ही जाणीव पुढच्याला जोर देते. दुसरा निष्कर्ष असा, की पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम होतो, स्त्रियांवर मात्र स्त्रियांचाच.

असे असेल तर सवय समाजात सगळीकडे सारखी पसरणार नाही. नात्यांचे रस्ते जिकडे जातात तिकडेच ती जाईल. औंधच्या साखळीकडे पुन्हा पाहा. मिरजेचे पटवर्धन आणि औंधचे प्रतिनिधी दोघेही ब्राह्मण संस्थानिक. पुढचे दुवे म्हणजे शाळा, शिक्षक, इंग्रजी जाणणारे वाचक, दुसऱ्या संस्थानचा राजवाडा, लंडनचे दैनिक. मंत्रासकट येणारा हा व्यायाम सक्तीने सगळ्या जातींच्या पोरांपर्यंत शाळेत पोचला, पण शाळेबाहेर तो कुणाच्या अंगणात टिकला हे पाहिले की रस्ता कुठे संपत होता ते कळते. ज्या घरात सकाळी पाखरांच्या आधी शेतावर जावे लागते, तिथे नमस्काराला दुसरा सोबती मिळणे कठीण.

त्याच काळात औंधपासून फार दूर नसलेल्या कोल्हापुरात दुसरी साखळी तयार होत होती. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला; खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. तालमीत मंत्र नव्हता. लाल माती होती, वस्ताद होता आणि जोडीदार होता. कुस्ती एकट्याने खेळताच येत नाही, म्हणून सोबत हा तिच्या रचनेचाच भाग. पेठापेठांतल्या तालमींत खेड्यातली पोरे येऊन राहायची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मुशीतले. वडील दादासाहेब पैलवान, घरातच पहिला वस्ताद, मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज आणि तिथला आखाडा. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक. गोळेश्वर आणि औंध दोन्ही आज एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. पण खाशाबांची सवय औंधच्या वाटेने आली नाही, बापाकडून आली. दोन वाटा शेजारून गेल्या आणि एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. सूर्यनमस्कारांचा गौरव करणारे आणि तालमीचा गौरव करणारे आजही बहुधा निरनिराळ्या सभांना जातात.

स्त्रियांची वाट याहून अडचणीची होती. राजाचा आग्रह पुस्तकात होता, राजघराण्यातल्या स्त्रिया नमस्कार घालीत. पण माझ्या आजोबांनी चाळीसेक वर्षे माजघरात सतरंजी टाकून नमस्कार घातले, आणि आजी स्वयंपाकघराच्या दारातून ते रोज बघत होती. आजोबांनी तिला सांगून पाहिले, चिडूनही पाहिले. ती म्हणायची, “माझं कांडण-दळण कोण बघतं, त्यात वाकणं कमी आहे का?” यात तथ्य होते. मग १९६० च्या सुमारास माझी आत्या पुण्यात वसतिगृहात राहिली. तिथल्या एका मैत्रिणीबरोबर ती नमस्कार घालू लागली आणि सुट्टीला घरी आल्यावरही तिने ते सोडले नाहीत. एका सकाळी मधल्या खोलीचे दार लावलेले दिसले. आतून आत्याचा आकडे मोजण्याचा आवाज येत होता, आणि दर आकड्यानंतर बांगड्यांचा. आजोबा बाहेर सतरंजी घेऊन उभे होते. त्या दिवशी त्यांनी नमस्कार ओटीवर घातले.