कोवळं ऊन आणि निळा दिवा

मालवणच्या किनाऱ्यावर नवजात बाळ पिवळं दिसू लागलं की घरातली जाणती बाई आजही आधी एकच सांगते : 'बाळाक जरा उनाक धर.' पडवीच्या टोकाशी पाय पसरून आजी बसते आणि उघडं बाळ पायांवर घेऊन सकाळचं कोवळं ऊन त्याच्या अंगावर पडू देते. मोठ्या माणसाला कावीळ झाली तर गळ्यात माळ, झाडपाला, पथ्य. बाळाला मात्र ऊन. हा फरक मला फार बोलका वाटतो. मोठ्यांची कावीळ हा बहुधा यकृताचा आजार असतो. बाळाचं तसं नसतं. पोटात असताना लागणाऱ्या जादा तांबड्या पेशी जन्मानंतर मोडतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि बाळाचं कोवळं यकृत त्याचा निचरा करायला अजून शिकलेलं नसतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिवळेपणा चढतो, मग बहुतेकदा आपोआप उतरतो. उतरला नाही आणि फार चढला, तर ते द्रव्य मेंदूत शिरतं. मूल वाचलं तरी बहिरेपण आणि हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली जन्मभर उरतात.

मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. जुनी पुस्तकं वाचता वाचता या विषयात शिरलो, आणि शिरलो तो अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातून. तिथे बाविसावं सूक्त काविळीवर आहे. रोग्याचा पिवळेपणा सूर्याकडे जावो, पोपटांमध्ये जाऊन राहो, असं मागणं त्यात आहे. लगेच पुढची दोन सूक्तं त्वचेवरच्या पांढऱ्या डागांवर आहेत, आणि त्यांत काळसर वनस्पतीला साकडं घातलं आहे. कावीळ आणि कोड शेजारी शेजारी! मात्र यावरून 'आमच्याकडे सगळं होतंच' असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. पिवळं पिवळ्याकडे आणि काळं पांढऱ्यावर, असा हा सादृश्याचा विचार आहे. त्यात उन्हाचं माप नाही.

त्याहून मोलाचं मला चरकसंहितेतलं वाटतं. श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या उपचारात चरक सांगतो की मलपूचा रस गूळ घालून प्यावा आणि शक्तीनुसार उन्हात बसावं. मलपू हे उंबराच्या कुळातलं झाड. अंगावर फोड आले तर ते काट्याने फोडावेत, असंही पुढे आहे. त्या फोडांपाशी मी थांबलो. औषध पोटात, वरून ऊन आणि मग भाजल्यासारखे फोड, हे ज्याने लिहिलं त्याने ते पाहिलेलं असणार. वैद्यांची कोडावरची दुसरी नेहमीची वनस्पती म्हणजे बावची. तिच्या बियांतून 1933 साली जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी सोरॅलेन वेगळं केलं. हे द्रव्य त्वचेला अतिनील किरणांसाठी हळवं करतं. 1974 मध्ये अमेरिकेत सोरॅलेनच्याच कुळातलं औषध आणि दीर्घ लहरींचे अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर यशस्वी ठरली. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांत एक नाव एम. ए. पाठक असं आहे. या उपचाराने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो हे पुढे कळलं, आणि आता कोड व सोरायसिस दोन्हींसाठी बहुधा 311 नॅनोमीटरच्या आसपासचे अरुंद पट्ट्याचे अतिनील किरण वापरतात. तिथे सोरॅलेनची गरजच पडत नाही.

गंमत अशी की प्रकाशाला औषधाचं माप लावलं ते ऊन कमी असलेल्या देशांनी. त्वचेच्या क्षयावर केंद्रित किरण वापरून 1903 चं नोबेल मिळवणारे नील्स फिन्सेन जन्मले फेरो बेटांवर, जिथे सूर्यदर्शनाचीच मारामार. आणि बाळाच्या काविळीवरचा प्रकाश सापडला तो इंग्लंडमध्ये, एसेक्सच्या रॉचफर्ड इस्पितळात.

1956 चा उन्हाळा होता. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर वॉर्ड नाजूक बाळांना अंगणात उन्हात नेत. मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवतं, अशी त्यांची आपली समजूत. एकदा डॉ. डॉब्स फेरीवर आले असताना त्यांनी काहीशा संकोचाने एक उघडं बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण त्वचेचा एक त्रिकोण गडद पिवळा होता. तिथे काही लावलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. लावलं काहीच नव्हतं. चादरीचं टोक नेमकं तेवढ्या भागावर राहिलं होतं. काही आठवड्यांनी बाळाच्या रक्ताची एक नळी प्रयोगशाळेत उन्हात राहिली आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी मग निळ्या ट्यूबलाइटचं छत करून प्रयोग केले. 1958 मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तरी जगाने मनावर घ्यायला दहा वर्षं लागली. 1968 च्या अमेरिकेतल्या ल्युसी यांच्या चाचणीनंतर हा दिवा सर्वत्र पोचला.

तो अतिनील नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण हा गैरसमज फार आहे. कोडाचा दिवा वेगळा, काविळीचा वेगळा. बिलिरुबिनला 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश लागतो. त्याने रेणूचा आकार बदलतो, तो पाण्यात विरघळण्याजोगा होतो आणि यकृताची वाट न पाहता पित्तातून व लघवीतून बाहेर पडतो. उन्हात हा निळा भाग भरपूर आहे, म्हणजे आजीचं म्हणणं मुळात खोटं नव्हतं. अडचण मापाची आहे. पंधरा मिनिटांच्या कोवळ्या उन्हाने सौम्य पिवळेपणाला थोडा हातभार लागेल, चढत्या काविळीला ते पुरत नाही. आणि तितक्या वेळ उघड्या उन्हात ठेवावं तर बाळ भाजतं, तापतं किंवा गारठतं. नायजेरियात यावर तोड म्हणून अतिनील आणि उष्ण किरण अडवणाऱ्या पडद्याखाली बाळं ठेवली. 2015 च्या निबंधानुसार उपचाराच्या दिवसांपैकी 93 टक्के दिवशी हे गाळलेलं ऊन प्रभावी ठरलं. दिव्यासाठी तोच आकडा 90 होता. तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, आमच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा हा निबंध मला परत परत आठवत होता.

पण आमचा खरा प्रश्न आषाढाचा आहे. जूनपासून चार महिने इथे ऊन भरवशाचं नाही. बाळंतिणीची खोली वाऱ्याच्या भयाने बंद. बाळाच्या अंगाला तेल, कुठे हळदही. दुपटी पेटीतून काढलेली, डांबराच्या गोळ्यांच्या वासाची. या गोळ्यांतलं नॅफ्थॅलीन जी-सिक्स-पीडी या विकराची उपजत कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी झपाट्याने मोडतं, आणि कावीळ एका रात्रीत भडकू शकते. दुपटी धुऊन, उन्हात वाळवून, वास गेल्यावरच बाळाला गुंडाळावीत, एवढं तरी प्रत्येक घराला ठाऊक हवं. शिवाय सरळ बाळंतपणानंतर दोन दिवसांत आई-बाळ घरी येतात, आणि पिवळेपणा चढतो तो त्यानंतर. देवबागच्या खाडीकाठच्या घरात चौथा दिवस उजाडतो, आणि दिवा असतो कसालच्या पलीकडे, ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाला मोफत उपचार देणारी योजना 2011 पासून आहे. पण वाट धरायची तर आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

म्हणून उनाला धरण्याची रीत मोडावी असं मी म्हणणार नाही. त्या रीतीत रोज एकदा बाळाला उघडं करून दिवसाच्या उजेडात पाहिलं जायचं. सिस्टर वॉर्ड यांनीही वेगळं काय केलं? पिवळेपणा चेहऱ्यावरून छातीवर, पोटावर आणि मग तळपायांकडे उतरतो. बोटाने त्वचा दाबून सोडली की खालचा रंग दिसतो. पहिल्याच दिवशी दिसला, तळव्यांपर्यंत पोचला, किंवा बाळ सुस्तावून दूध ओढेनासं झालं, तर ऊन असो वा नसो, गाडी काढायची. पावसात मात्र हे पाहायला बाळ दाराशी, ढगाळ का होईना पण उजेडात आणावं लागतं. बाळंतिणीच्या खोलीतल्या पिवळ्या बल्बखाली पिवळं बाळ गोरंच दिसतं.