बिभाचा किरण मार्व्याला पोचतो

1685च्या आसपासची संध्याकाळ. तुम्ही मार्वेच्या खाडीत, घोटाभर चिखलात उभे आहात. ओहोटी लागलीय, होड्या गाळावर कलंडल्यात. रायगडावर शंभूराजे आहेत, पण इथे साष्टीत फिरंग्यांचा अंमल. याच वेळी 340 प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्यावरून एक किरण तुमच्या दिशेने निघतो.

त्या ताऱ्याचा ग्रह वजनाने गुरूच्या दीडपट. ताऱ्याला इतका खेटून फिरतो, की सोमवारी सकाळी लागलेलं वर्ष बुधवारी दुपारी आटोपतं. तिथे जायची हौस असेल तर सोडा. पाय टेकायला जमीन नाही, सगळा तापलेला वायू, आणि डोक्यावर आपल्या सूर्याच्या पंचवीसपटीहून रुंद दिसणारा तारा. त्यापेक्षा खाडीतला चिखल बरा. इथेच थांबा.

1739: मढचा किल्ला मराठे घेतात. 1867: विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू होते; किरणाची निम्मी वाट सरलेली. 1934: मालाडात बॉम्बे टॉकीज उभी राहते.

1949ला मात्र जरा रेंगाळा. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी रुजू झाल्यात. त्याआधी देबेंद्र मोहन बोसांबरोबर त्यांनी हिमालयात उंचावर फोटोच्या काचा ठेवून विश्वकिरणांतल्या मेसॉन कणांच्या खुणा टिपल्या होत्या. युद्धामुळे चांगल्या काचा मिळेनात, काम अडलं. तीच पद्धत चांगल्या काचांवर वापरणाऱ्या सेसिल पॉवेलना 1950चं नोबेल मिळालं. बिभा 1991ला गेल्या, तेव्हा त्यांचं नाव किती जणांना ठाऊक होतं?

2006: हवाईतल्या केक दुर्बिणीमुळे कळतं, की किरण जिथून निघाला तो तारा सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेगाने पुढेमागे डुलतोय. डुलवणारा ग्रह त्यावरूनच सापडला. तुमचा किरण अजून वाटेतच आहे. 2019ला ताऱ्याला बिभा हे नाव मिळतं, ग्रहाला संतमस. ग्रहाचं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेलं. उशिराची भरपाई, पण रस्त्याला नाव देण्यापेक्षा पुष्कळ बरी.

आज किरण मार्व्यात पोचतो. नुसत्या डोळ्यांनी तारा कुठूनच दिसत नाही. लिंक रोडच्या दिव्यांना उगाच दोष देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये रात्री मघेच्या दक्षिणेला दुर्बीण लावलीत तर बिभा सापडेल. संतमस तिच्या झगमगाटात बुडालेलाच राहील. त्याचा पत्ता लागतो तो फक्त ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात त्यावरून.