एका वाक्याचा व्हाइस: मॉक्सन, त्याचं बेंच आणि माझी एक चूक

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारते. तुमच्या विषयातली एखादी ‘सर्वांना माहीत असलेली’ गोष्ट घ्या आणि ती नेमकी कोणत्या ओळीवर उभी आहे ते शोधा. पुष्कळदा ती ओळ सापडते, पण तिच्यात आपण समजतो ते नसतंच. माझ्या बाबतीत ती ओळ होती लाकूडकामाच्या एका साध्या अवजाराबद्दल.

अवजार असं. लाकडाचे दोन जाड, लांबट जबडे. त्यांच्या दोन टोकांना दोन स्क्रू. मध्ये फळी धरायची आणि स्क्रू आवळायचे. हा व्हाइस बेंचला कायमचा जोडलेला नसतो. तो उचलून बेंचवर ठेवायचा, मागचा जबडा क्लॅम्पने किंवा अन्य कशाने तरी जखडायचा, काम झालं की काढून भिंतीशी उभा करायचा. आज हौशी सुतार याला ‘मॉक्सन व्हाइस’ म्हणतात. हे नाव लोकांच्या तोंडी बसलं ते 2010 च्या सुमारास, अमेरिकन लेखक ख्रिस्तोफर श्वार्झ यांनी जुन्या पुस्तकातून हा व्हाइस पुन्हा बाहेर काढल्यानंतर. पण नाव ज्याच्यावरून पडलं तो जोसेफ मॉक्सन या व्हाइसचा शोधक नव्हता, आणि त्याने या व्हाइसबद्दल जे लिहिलं ते जवळपास एका वाक्यात संपतं.

मॉक्सन (1627–1691) लंडनचा मुद्रक. पृथ्वीगोल, नकाशे, गणिती उपकरणं बनवायचा आणि विकायचा. राजा दुसरा चार्ल्स याचा तो जलनकाशाकार होता आणि 1678 मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्यही झाला. त्याच वर्षापासून त्याने ‘मेकॅनिक एक्सरसायझेस’ हे लेखन मासिक भागांत छापायला घेतलं: आधी लोहारकाम, मग जोडणीचं सुतारकाम, घरबांधणीचं सुतारकाम, लेथवरचं काम. हातकामाची माहिती इंग्रजीत असे हप्ते पाडून विकण्याचा हा फार लवकरचा प्रयत्न.

इथे तारखेत दोनदा पाय घसरतो. पहिल्या भागावर जानेवारी 1677 आहे, पण तेव्हा इंग्लंडात वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणजे आपल्या हिशेबाने ते 1678. म्हणून संदर्भांत दोन्ही साल दिसतात. दुसरं म्हणजे 1703 ची आवृत्ती सहज मिळते, तीच सगळे वापरतात, आणि मग ‘अठराव्या शतकाच्या सुरुवातीला असे व्हाइस होते’ असं बिनधास्त लिहितात. 1703 ला मॉक्सनला जाऊन बारा वर्षं झाली होती. आवृत्तीचं साल आणि मजकुराचं साल यांची गल्लत माझ्या पहिल्या टिपणवहीतही आहे, तेव्हा कुणाला हसायची सोय नाही.

आता ते वाक्य. माझ्या शब्दांत सांगते. मॉक्सन बेंचचं वर्णन करतो: फळी समोरून अडवायचा हुक, कडेला फळी आवळायचा स्क्रू, पायात ओळीने भोकं, त्यात खुंट्या घालून लांब फळीचं दुसरं टोक टेकवायचं. मग तो म्हणतो की कधी कधी बेंचच्या बाजूला जोड-स्क्रू लावतात. किंवा कधी त्याचा पलीकडचा गाल (जबड्याला तो गाल म्हणतो) बेंचच्या सपाटीवर कडेवर उभा ठेवतात आणि होल्डफास्टने जखडतात. आणि शेवटी एक शेपूट: किंवा कधी कधी, दोन, बेंचवर.

संपलं. एवढ्यावर नाव, एवढ्यावर बाजारात विकले जाणारे तयार संच.

माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘सतराव्या शतकात लंडनचे सुतार डवटेल कापताना काम उंचावर यावं म्हणून हा व्हाइस बेंचवर बसवत.’ वाक्य छान वाटत होतं. मार्गदर्शक मॅडमनी समासात दोनच शब्द लिहिले: ‘कुठे लिहिलंय?’ मी पुस्तक उघडून बसले. डवटेल त्या वाक्यात नाही. उंचीही नाही. ते दोन्ही मी आजच्या सुतारांच्या लेखांतून उचललं होतं. त्यांचं कारण चूक नाही. बेंच रंधा मारायला सोयीचं म्हणून बुटकं असतं, आणि फळीच्या टोकावर बारीक करवतकाम करायचं तर काम छातीजवळ आलेलं बरं. पण ते त्यांचं कारण आहे. आजच्या कंबरदुखीचं कारण मी 1678 च्या माणसाच्या तोंडात घातलं होतं.

त्या आठवड्यात मला हा विषयच सोडावासा वाटला होता. एका वाक्यातून काय निघणार? पण शेजारचं चित्र बघितल्यावर मजा कळली.

मॉक्सनच्या सुतारकामाच्या चित्रपटावर बेंच आहे, त्याच्या बाजूला जोड-स्क्रू आहे. बाजूला. वर ठेवलेला नाही. आणि तो बेंचला कशाने जोडला आहे हे चित्र काही सांगत नाही. पुढची गोष्ट अशी की या चित्रपटांतली बरीच हत्यारं आंद्रे फेलिबियाँ या फ्रेंच लेखकाच्या 1676 च्या वास्तुकला-शिल्प-चित्रकलेवरच्या ग्रंथातून उतरवलेली आहेत. फेलिबियाँ चौदाव्या लुईच्या दरबारी बांधकामांचा इतिहासलेखक. त्या काळी ही पद्धतच होती. तांब्याच्या पत्र्यावर नवं चित्र कोरून घेणं खर्चाचं काम. तेव्हा जुनं खोदकाम दोन ग्रंथांत सारखं दिसलं तर डावं-उजवं उलटलंय का ते आधी बघा. छापलेलं चित्र जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं की छापताना ते आरशातल्यासारखं पलटतं.

म्हणजे चित्रातली एखादी वस्तू ‘लंडनच्या कारखान्यातली’ म्हणून धरता येत नाही, ती पॅरिसहून आलेली असू शकते. आपण नेमकं उलटं करतो. मजकूर कोरडा वाटतो, चित्र डोळ्यांना पटतं, म्हणून चित्रावर जास्त विश्वास. इथे मला उलट दिसलं. बेंचवर ठेवलेला, होल्डफास्टने जखडलेला व्हाइस चित्रात कुठेच नाही, फक्त मजकुरात आहे. चित्र बघून कुणी ते वाक्य लिहूच शकला नसता. चित्राशी न जुळणारा तो तुकडा मॉक्सनला दुसरीकडून मिळाला असणार, आणि सर्वांत साधी शक्यता ही की त्याने तो कुणाच्या तरी दुकानात पाहिला. लोहारकाम आणि लेथ त्याच्या स्वतःच्या धंद्याच्या जवळचे. सुतारकाम त्याचा धंदा नव्हता. त्यामुळे त्याचं ‘कधी असं, कधी तसं’ हे बोलणं मला बघ्याचं बोलणं वाटतं.

(इथे रँडल होमच्या 1688 च्या ग्रंथाचा ‘दुसरा पुरावा’ म्हणून आधार घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. हत्यारांच्या बाबतीत होमने मॉक्सनकडून भरपूर उचललंय. दोन पुस्तकं म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत.)

राहिलं ते शेपूट. ‘कधी दोन, बेंचवर.’ दोन काय? दोन होल्डफास्ट की दोन जोड-स्क्रू? व्याकरणाने दोन्ही बसतं. लांब फळी धरायला दोन व्हाइस वेगवेगळे मांडले असतील हेही शक्य आहे. शब्दकोशातून हे सुटेना, म्हणून मी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांकडे गेले.

त्याआधी होल्डफास्ट म्हणजे काय ते सांगते, कारण मॉक्सनने इथे मात्र हात सैल सोडून लिहिलंय आणि ते वाचण्यासारखं आहे. वाकड्या चोचीचा लोखंडी दांडा. बेंचला आरपार, सरळ भोक. दांडा त्यात थोडा ढिला. चोच कामावर टेकवायची आणि डोक्यावर मोगरी हाणायची. चोच खाली दाबली गेली की दांडा भोकात तिरका होतो, त्याची पाठ भोकाच्या वरच्या काठाला आणि पोट समोरच्या खालच्या काठाला रुतून बसतं. सोडवायचा तर मागून टोला. गंमत म्हणजे भोक अगदी नेमकं, घट्ट असेल तर हे चालत नाही. ढिलेपणामुळेच पकड येते.

काकांना बेंचचं अप्रूप नव्हतं. ते जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून काम करत मोठे झालेले. तरी त्यांनी सागाच्या तुकड्यांचे दोन जबडे करून दिले, जाड ओंडक्याला भोकं पाडून दिली. लाकडी स्क्रूऐवजी आम्ही आट्यांचे लोखंडी रॉड आणि नट वापरले, होल्डफास्ट सळई वाकवून करून घेतला. म्हणून पकड किती जोराची होती याबद्दल माझा प्रयोग काहीही सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगू शकतो: मागचा जबडा बेंचवर कसा टिकतो.

एका होल्डफास्टने, मधोमध दाबून, तो दाबाला टिकला. पण फळीच्या एका टोकाला करवत चालवली की अख्खा व्हाइस चोचीभोवती हळूहळू फिरायला लागला. काकांनी बघूनच सांगितलं होतं, ‘एका खिळ्यावर पाटी फिरणारच की.’ दुसरा होल्डफास्ट दुसऱ्या टोकाला हाणल्यावर फिरणं थांबलं. तेव्हा लक्षात आलं की वाक्यात आधी एक आणि मग ‘कधी दोन’ हा क्रम कामाच्या गरजेशी जुळतो: हलक्या कामाला एक, ओढाताण असेल तर दोन.

हे सिद्ध झालं का? नाही. 1678 मधला लंडनचा सुतार काय करत होता हे पुण्यातला ओंडका ठरवू शकत नाही. पण दोन वाचनांपैकी एक हाताला पटतं आणि का पटतं ते आता मला मांडता येतं. तळटीपेत मी दुसरं वाचनही ठेवलंय.

मुलाखतीत ‘तुमची पद्धत काय?’ असं विचारतात तेव्हा बरेच जण एखाद्या विचारवंताचं नाव सांगतात. मीही सांगायचे. आता मी या वाक्याचे तुकडे कागदावर कसे वेगळे केले ते सांगते: कोणता तुकडा मजकुरातला, कोणता चित्रातला, कोणता 2010 नंतरचा, कोणता काकांच्या ओंडक्यावरचा. चार वेगळ्या रंगांच्या पेन्सिली वापरल्या होत्या. माझ्या जुन्या मसुद्यातल्या त्या छान वाक्यावर रंग भरले तेव्हा ‘डवटेल’ आणि ‘उंचावर’ हे दोन्ही शब्द 2010 च्या हिरव्यात गेले. ‘बेंचवर’ तेवढा मजकुराच्या निळ्यात राहिला.

नवं वाक्य असं आहे: ‘मॉक्सनच्या मजकुरानुसार जोड-स्क्रू बेंचच्या बाजूला लावत किंवा होल्डफास्टने बेंचच्या पृष्ठावर जखडत, दुसऱ्या पद्धतीचं कारण तो देत नाही.’ मॅडमनी समासात या वेळी काहीच लिहिलं नाही.