नियमांचे दोन प्रकारचे मौन



बारामती एमआयडीसीच्या परिसरात आपली मुलेमुली संगणकशास्त्र शिकावयास जातात. तेथे बहुतेकांची पहिली गाठ पडते ती ‘सी’ भाषेशी. तिच्या इतिहासातील एक गोष्ट आपण ध्यानी घ्यावी.

डेनिस रिची यांनी ही भाषा १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली. पुढे ती नाना प्रकारच्या यंत्रांवर गेली. ही यंत्रे ऋण संख्यासुद्धा निरनिराळ्या रीतीने साठवीत. एकाची रीत सर्वांवर लादणे परवडणारे नव्हते. म्हणून १९८३ साली नेमलेल्या समितीने १९८९ मध्ये प्रमाण नियम ठरविताना काही जागा जाणूनबुजून मोकळ्या सोडल्या.

या मोकळ्या जागा मुख्यतः दोन तऱ्हेच्या आहेत. परीक्षेत ‘प्रश्न कोणत्याही क्रमाने सोडवा’ अशी सूचना असते. कोणताही क्रम ग्राह्यच. बेरजेतील दोन फंक्शनांपैकी आधी कोणते चालावे, हे ‘सी’ असेच मोकळे ठेवते. हे झाले ‘अनिर्दिष्ट’. परंतु उत्तरपत्रिका सोडून बाकावरच उत्तर लिहिले, तर? गुण मिळण्याची हमी कोण देणार? हे ‘अपरिभाषित’. चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की ‘सी’ कसलीच हमी देत नाही.

आपल्या महाविद्यालयांतून पुष्कळ वर्षे टर्बो सी वापरात होते. त्यात पूर्णांक १६ बिटांचा. ३२,७६७ मध्ये १ मिळविला की सहसा उणे ३२,७६८ उमटे. अनेकांना तो भाषेचा नियमच वाटे. वास्तविक ती त्या यंत्राची सवय होती.

अशा समजुतीची किंमत मोठी असते. २००९ साली लिनक्सच्या एका भागात पत्ता आधी वापरून मग तो रिकामा आहे काय, हे तपासले होते. रिकामा पत्ता वापरणे अपरिभाषित. तेव्हा तो रिकामा नसणारच, असे धरून जीसीसी या कंपायलरने ती तपासणीच गाळली आणि घुसखोरांना वाट मिळाली. याच जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी अनेक विद्यार्थ्यांकडून करवून घेतला. ती वाट आपल्या मुलांनाही खुली आहे.

पालकहो, मुलगा वा मुलगी ‘माझा प्रोग्राम चालला’ असे सांगेल, तेव्हा कौतुक अवश्य करा. आणि ‘तो नियमाने चालला की योगायोगाने?’ एवढेही विचारा. विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर पडद्यावर मिळणार नाही. त्यासाठी भाषेचे नियमच उघडून वाचावे लागतील.