रॉयर की बॅक्सांडल? घरगुती इंडक्शन हीटरचं सर्किट निवडताना

नवलाख उंबऱ्याच्या परिसरात, म्हणजे तळेगाव एमआयडीसीच्या पट्ट्यात, 2008 साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. गाडीच्या क्रँकशाफ्ट, अ‍ॅक्सलसारख्या भागांचा फक्त पृष्ठभाग कडक करायला इंडक्शन हीटिंग वापरतात. त्यामुळे मावळातल्या कुणा विद्यार्थ्याला घरी छोटा हीटर करावासा वाटणं साहजिकच. पण सर्किट कुठलं घ्यायचं?

फॅरेडेचा नियम 1831 चा, तो तसाच आहे. बदलत गेला तो स्विच. 1916 च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये नॉर्थ्रपने बिनगाभ्याची भट्टी केली तेव्हा वेगवान स्विच नव्हताच, म्हणून त्याने स्पार्क गॅप वापरला. पुढे मोटर-जनरेटर आणि व्हॅक्यूम ट्यूब आल्या, मग थायरिस्टर, आणि आज मॉसफेट आणि आयजीबीटी.

घरगुती हीटरसाठी बहुतेकजण दोन मॉसफेटचं स्वयंदोलित सर्किट करतात आणि त्याला 'रॉयर' म्हणतात. इथेच गोंधळ आहे. 1950 च्या दशकातलं रॉयरचं सर्किट ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त झाला की पालटतं आणि चौकोनी लहर देतं. आपल्या हीटरमध्ये एलसी टाकी असते, पुरवठ्यात चोक असतो आणि लहर साइन असते. ही कल्पना पीटर बॅक्सांडलच्या 1959 च्या शोधनिबंधाच्या जवळची आहे. (हो, ऑडिओच्या टोन कंट्रोलवाला तोच.)

नावावरून एवढा वाद कशाला, असं म्हणाल. पण चोकमुळे प्रत्येक मॉसफेटवर पुरवठ्याच्या π पट शिखर व्होल्टेज येतं. 12 व्होल्टला साधारण 38, 24 ला 75. आयआरएफझेड44एन 55 व्होल्टचा, म्हणजे 12 वर बिनधास्त चालेल, 24 वर गेलाच समजा. रॉयरचं म्हणून वाचलेलं दुप्पटीचं गणित इथे लावलंत तर 24 ला 48 येतात, आणि तुम्ही निर्धास्तपणे चुकीचा भाग विकत आणता.

मग हाफ ब्रिज का नको? त्यात स्विचवर पुरवठ्याइतकंच व्होल्टेज येतं, हे खरं. पण साधारण 770 अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकत्व जातं, कॉइलचं इंडक्टन्स घटतं आणि अनुनादी वारंवारता वर सरकते. स्वयंदोलित सर्किट तिच्यामागे आपोआप जातं. हाफ ब्रिजला त्यासाठी पीएलएल लागतो, शिवाय गेट ड्रायव्हर आणि डेड टाइमही सांभाळायचा.

माझं मत: पहिल्यांदा करताय तर बॅक्सांडलच्या वळणाचं, 12 व्होल्टवर, 200 व्होल्टचे मॉसफेट लावून. पुरवठा मात्र झटक्यात द्या. व्होल्टेज हळूहळू चढवलं तर दोलन सुरूच होत नाही, दोन्ही मॉसफेट एकदम चालू राहतात आणि जळतात. माझी पहिली जोडी अशीच गेली.