हुंडी, मनीऑर्डर आणि परमुलखांतील माणूस

पोटासाठीं घर सोडणाऱ्या माणसापुढें पूर्वीं दोन प्रश्न असत. परक्या गांवीं आपली पत कोण धरणार, आणि मिळविलेला पैसा घरीं सुखरूप कसा पोंचणार? बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासांत या प्रश्नांचीं उत्तरें एकामागून एक सांपडतात.

१८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. मार्च १८७० मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें जलंब-खामगांव रेल्वे खुली झाली व खामगांवच्या कापूसबाजाराची मुंबईशीं गांठ पडली. घरदार मारवाडांत ठेवून वऱ्हाडांत पेढ्या घालणाऱ्या व्यापाऱ्यांना रोकड बरोबर बाळगावी लागत नसे. त्यांचें काम हुंडीवर भागे. दर्शनी हुंडी दाखवितांच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवसांनीं. हुंडी गहाळ झाल्यास ‘पैठ’ व तीही हरवल्यास ‘परपैठ’ लिहून मिळे. फेडलेल्या हुंडीस ‘खोखा’ म्हणत. हंगामांत खरेदीदारांना रोकड हवी असली म्हणजे ते मुंबईवरील हुंड्या विकीत. अशा हुंड्या बाजारांत मुबलक झाल्या कीं हुंडणावळ उतरे आणि मुंबईस पैसा धाडणाऱ्याचें फावे.

परंतु हुंडीचा सारा आधार पेढीच्या नांवावर. मजुराला किंवा शिपायाला तेथें कोण विचारणार? त्याची मिळकत गांवाकडे निघालेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाच्या कनवटीस लागून जाई, आणि ती पोंचली कीं नाहीं हें महिनोन्‌महिने कळत नसे. १८७९ सालीं पोस्टकार्ड आलें, १८८० सालीं टपालखात्यानें मनीऑर्डर हातीं घेतली, १८८२ सालीं सेव्हिंग्ज बँक निघाली. पोस्टमन दारांत रुपये मोजून देऊं लागला आणि घेणाऱ्याच्या सहीची वा अंगठ्याची पोंच पाठविणाऱ्यास परत मिळूं लागली. ज्याच्या नांवाला बाजारांत किंमत नव्हती, त्याच्याही पांच रुपयांची हमी आतां सरकारनें घेतली होती.

तथापि परमुलूख नेहमीं दूरच असतो असें नाहीं. देऊळगांवराजाहून जालना जवळच. पण जालना निजामाच्या राज्यांत होतें. तेथें १८६९ पासून संस्थानचीं स्वतःचीं टपाल तिकिटें होतीं, आणि बाजारांत हाली सिक्का चाले, अलीकडे कलदार. पुढें स्थिरावलेल्या दरानें सात हाली रुपयांस सहा कलदार पडत. जालन्यास सात रुपये मिळविणाऱ्याच्या घरीं सहाच येत, आणि सराफाचा बट्टा निराळा. १९४८ सालीं संस्थान भारतांत सामील झालें, १९५० सालीं तेथील टपाल भारतीय खात्यांत मिळालें आणि त्या दशकांत हाली सिक्काही व्यवहारांतून गेला.

जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ सालीं बंद झाली. आज पुण्यास किंवा दुबईस गेलेला बुलढाण्याचा तरुण मोबाइलवरून घटकेंत पैसे पाठवितो. परंतु ते मिळाल्याचा घरचा निरोप येईपर्यंत त्याच्याही जिवाला चैन नसते.