लंडनचा धूर, आदिलाबादच्या झळा

नेचे काचेआड नांदू लागले ते लंडनच्या धुरामुळे. कोळशाच्या काजळीने डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या अंगणात ते तगत नसे. 1829 च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली, आणि त्याच मातीतून नेचे उगवले! ओल वर चढे, काचेवर जमे, पुन्हा मातीत उतरे. 1833 मध्ये अशा काचपेट्यांतून रोपे सिडनीला गेली आणि महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतरही जिवंत पोहोचली. मला हा शोध फार मोठा वाटतो.

आमच्या आदिलाबादेत धूर नाही, झळा आहेत. साग निष्पर्ण होतो, मे महिना अंग भाजतो. नेच्याला तर कुंतालाच्या धबधब्याजवळची ओली सावली हवी. म्हणून बॉस्टन फर्नची कुंडी मी उत्तरेच्या खिडकीत, पाण्याच्या माठाशेजारी ठेवते. खाली ताटलीत खडे आणि पाणी. माती ओली हवी, चिखल नको. कूलरचा थेट वारा लागला की पानांची टोके करपतात.

रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे. व्हिक्टोरियाच्या काळात ब्रिटन-आयर्लंडात नेच्यांचे असे वेड पसरले की लोकांनी ओढ्याकाठची रोपे उपटून नेली आणि किलार्नी फर्न दुर्मीळ झाले.